टॉवेल-टोपीची गंगाजळी

अलीकडं फेब्रुवारी आला की रिझर्व्ह बँक आर्थिक साक्षरता सप्ताह पाळते. त्या आठवड्यात आमच्या बिलोलीकडंही कुठंतरी सतरंजी अंथरली जाते, मागं फलक लागतो आणि नांदेडहून आलेला एखादा कडक इस्त्रीचा साहेब पैसे कसे साठवायचे ते समजावून सांगतो. मागं एका साहेबानं पन्नास-तीस-वीसचा मंत्र दिला. मिळकतीतले पन्नास टक्के गरजेला, तीस हौसेला आणि वीस शिलकीला. माझ्या शेजारी बसलेले एक आबा कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, ह्ये साहेब बिनलग्नाचे हाईत का?"

हा हिशेब मुळात अमेरिकेतला. एलिझाबेथ वॉरन यांनी लेकीबरोबर २००५ साली एक पुस्तक लिहिलं, त्यातून तो जगभर पसरला. बाई हार्वर्डात दिवाळखोरीचा कायदा शिकवायच्या, तेव्हा त्यांचा अधिकार मोठा. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेकीचं आडनाव पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आडनाव त्यागी. बाईंचा जावई त्यागी आहे. आमचे नाहीत.

आमच्याकडं शिलकीचा पहिला हक्कदार जावई. त्यातही धोंड्याचा महिना आला की सासऱ्याला झोप लागत नाही. अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. २०२३ ला श्रावण अधिक होता, २०२६ चा ज्येष्ठ अधिक. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे वाढायचे, पोशाख करायचा आणि वर चांदीचं काहीतरी. सोन्याचं नाव आता कुणी काढत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ते तोळ्याला लाखावर गेलं आणि सासरेमंडळींना अधिकृत निमित्त मिळालं. पोस्टानं १९८८ साली किसान विकास पत्र काढलं तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट व्हायची. आज त्याच पत्राला ११५ महिने लागतात. जावयाची मुदत मात्र तेव्हाही तीच होती, आजही तीच आहे. एक पत्र दुप्पट होईस्तोवर तीन धोंडे येऊन जातात आणि चौथा वाटेत असतो.

तरी जावयाचं बरं, तो पंचांगात छापून येतो. बाकीचे न छापता येतात.

मी मास्तर. म्हणजे गावाच्या भाषेत पगारी माणूस. माझा पगार कधी झाला ते मला मेसेज येण्याआधी चौकातल्या पानटपरीला कळलेलं असतं. संध्याकाळी दाराशी चप्पल वाजते. आलेला माणूस पैशाचं नाव काढत नाही. तो पाणी पितो, चहा पितो, पाऊस-पाण्याचं बोलतो, माझ्या पोरांची चौकशी करतो आणि उठता उठता उंबऱ्यात थांबून म्हणतो, "गुरुजी, जरा नड हाय." या वाक्याला आजवर कुणी उत्तर शोधून काढलेलं नाही. पैसे नाहीत म्हणावं तर पगार झालेला त्यालाही ठाऊक. द्यायचे नाहीत म्हणावं तर त्याची चुलती माझ्या मावशीची जाऊ. बँकेच्या माहितीपत्रकात व्याजदर असतो, नकाराचा दर नसतो. तो लग्नकार्यात वसूल होतो, पंगतीत वाढताना चमचा आपल्या पानावरून पुढं निघून जातो तेव्हा.

आणि खरं सांगायचं तर या हातउसन्यांची मला तक्रारही करता येत नाही. वडिलांना रात्री नांदेडला न्यायची वेळ आली तेव्हा गाडीत बसेपर्यंत माझ्या खिशात चार-पाच जणांनी नोटांच्या गुंडाळ्या कोंबल्या. मोजल्या नाहीत, मागितल्याही नव्हत्या. त्यातल्या दोघांकडं माझे पैसे कित्येक वर्षं अडकलेले होते, आणि ते मी बुडाले म्हणून सोडून दिले होते. आता ही रक्कम माझी शिल्लक म्हणायची की माझं कर्ज, हे त्या इस्त्रीच्या साहेबाला विचारायचं राहिलं.

शिलकीचं पहिलं तत्त्व असं की ती कुणाला दिसता कामा नये. हे पुरुषांना उशिरा कळतं, बायकांना लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात. आमच्या आजीची बँक ज्वारीच्या कणगीत होती, आईची तूरडाळीच्या डब्यात. बायकोची कुठं आहे ते मला अजून माहीत नाही, म्हणूनच ती टिकून आहे. या खात्यांवर एकदाच धाड पडली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि मराठवाड्यातल्या कणग्या, डबे, गाद्या, उश्या यांनी आपापले कबुलीजबाब दिले. सरकार समजूतदार होतं. त्यानं जाहीर केलं की गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर विचारणा होणार नाही. पण सरकार विचारील ही भीती होती कुणाला? सासू विचारणार होती. आमच्या गल्लीत एका घरी सुनेच्या डब्यातून निघालेली रक्कम नवऱ्याच्या शिलकीच्या तिप्पट भरली. त्या दिवसापासून तो माणूस घरात हळू आवाजात बोलतो.

पुढं लाडकी बहीण आली. जुलै २०२४ पासून महिन्याला दीड हजार, थेट बाईच्या खात्यात. योजना ज्यानं आखली त्यानं बाकी सगळा विचार केला, फक्त बऱ्याच बायकांच्या खात्याला मोबाईल नंबर नवऱ्याचा जोडलेला आहे एवढा केला नाही. पैसे बहिणीला जमा होतात आणि टिंग भाऊजींच्या खिशात वाजतं. डाळीच्या डब्यानं शंभर वर्षं असा आवाज कधी केला नव्हता.

जे लपवता येत नाही ते लोक दुसऱ्याच्या ताब्यात देतात, आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजतात. स्टुअर्ट रुदरफोर्ड नावाच्या अभ्यासकानं गरिबांच्या पैशावर लिहिताना विजयवाड्याच्या झोपडपट्टीतली एक बाई सांगितली आहे. ती घरोघर फिरून रोज पाच रुपये गोळा करी. प्रत्येकीकडं दोनशे वीस घरांचं एक कार्ड. सगळी घरं भरली की जमलेल्या अकराशेतले शंभर ती स्वतःला ठेवी आणि हजार परत देई. म्हणजे बचतीवर व्याज मिळायचं सोडून बायका उलट व्याज भरत होत्या. अर्थशास्त्राच्या पोथीत हा वेडेपणा ठरेल. बिलोलीच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या कुणालाही तो वेडेपणा वाटणार नाही. नवऱ्याचा हात, दिराची नड आणि स्वतःचा मोह, तिघांपासून दोनशे वीस दिवस पैसा राखायची मजुरी शंभर रुपये. स्वस्तच म्हणायची. आमच्याकडं यासाठी भिशी आहे, गट आहे आणि दुकानदारांना पिग्मीवाला आहे. रोज संध्याकाळी तो येतो. तीही कल्पना जुनीच, उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली दोन-दोन आणे गोळा करण्यापासून सुरू केलेली. आमचा एक कापडवाला मित्र पिग्मीत रोज दोनशे टाकतो आणि त्याच पिग्मीवर कर्ज काढतो. मी विचारलं, "अरे, स्वतःच्याच पैशाला व्याज कामून भरतोस?" तो म्हणाला, "कर्ज हाय म्हनलं की मेव्हना मागत नाही."

भावाची गोष्ट वेगळी. तो शेती करतो, त्यामुळं त्याला महिना नसतो, सुगी असते. सोयाबीन विकलं की वर्षाचा पैसा एका दुपारी हातात येतो आणि तिन्हीसांजेला संपतो. आडत, हमाली, जूनपासून थकलेली बियाण्याची आणि खताची उधारी, किराणा, ट्रॅक्टरवाला. सगळे वाटेत भेटतात. २०२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. शेतकऱ्याच्या घरी तेव्हा सोयाबीन नव्हतं, ते शेतात उभं होतं. माल बाजारात आला आणि भाव शुद्धीवर आला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ होता, आणि बाजार त्याच्याही खाली. त्यात पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर आपल्याकडं बिनव्याजी पडतं. म्हणून भाऊ मुदत संपायच्या आत खासगीतून चार दिवसांसाठी पैसे उचलतो, बँकेत भरतो, नवं-जुनं करतो, नवं कर्ज उचलून खासगीवाल्याला देतो आणि चार दिवसांचं व्याजही देतो. बिनव्याजी कर्जाला तेवढं व्याज लागतंच.

२०२२-२३ साली देशातल्या घरांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास उतरली, हा कैक दशकांतला नीचांक, असं रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांतून निघालं आणि वर्तमानपत्रांत मोठी हळहळ झाली. माझी शंका एवढीच की या मोजणीत टॉवेल-टोपी धरतात का?

कारण आमच्या घरात खरोखर साठलेली एकच गोष्ट आहे. लग्न, बारसं, जावळ, तेरावं, घरभरणी. कुठंही जा, येताना टॉवेल-टोपी मिळते आणि बाईमाणसाला ब्लाऊजपीस. या टॉवेलनं आजवर कुणी अंग पुसलेलं नाही. पुसू गेलं तर पाणी फक्त जागा बदलतं. टोपीच्या मापाचं डोकं अजून जन्मलेलं नाही. ती वापरायची नसतेच, ती पुढं द्यायची असते. एकच टोपी बिलोलीहून कुंडलवाडी, तिथून धर्माबाद, देगलूर करत वर्षा-दीड वर्षात परत येते, कडक ती कडकच. तिला महागाई लागत नाही, नोटबंदी लागत नाही, तिच्यावर जावई डोळा ठेवत नाही. बायकोनं कपाटाचा एक कप्पा या ठेवींना दिला आहे. ज्याची त्यालाच परत जाऊ नये म्हणून प्रत्येक घडीच्या आत देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असते.

रोख टिकत नाही म्हटल्यावर आम्हीही शेवटी बिलोलीची रीत धरली, पैसा घरात घालायची. आमच्याकडच्या निम्म्या घरांच्या गच्चीवर सळया आभाळाकडं तोंड करून उभ्या दिसतील. परगावच्या माणसाला वाटतं काम अर्धवट राहिलं. अर्धवट कसलं, ती मुदत ठेव आहे. सळई कुणी हातउसनी मागत नाही. सळया झाल्या, मग भाव बरा मिळाला म्हणून मांजरेच्या लाल वाळूचा एक ट्रॅक्टर दारात टाकून घेतला. ही वाळू पार हैदराबादपर्यंत जाते, तेव्हा गुंतवणूक पक्की. पहिल्याच आठवड्यात शेजारी घमेलं घेऊन आला. "गुरुजी, दोन घमेले नेतो, वट्टा उखडलाय." वाळूला नाही म्हणायचं कुणी? मग त्याच्या भावाची न्हाणी निघाली, समोरच्यांचं तुळशीवृंदावन निघालं. उरलेल्यात पोरांनी किल्ला केला, आणि मांजरांनी काय केलं ते सांगत नाही. पावसाळ्यापर्यंत ढिगाऱ्याच्या जागी नुसता लाल डाग उरला.

परवा तोच शेजारी पत्रिका घेऊन आला. वट्टा चांगला झाला म्हणून त्यानं पुढं एक खोली काढली होती आणि तिची घरभरणी होती. "गुरुजी, जोडीनं यायलाच लागतंय बगा." तो गेल्यावर बायकोनं कप्पा उघडून एक टॉवेल-टोपी काढली. घडीतली चिठ्ठी मी वाचली. त्याच शेजाऱ्याचं नाव, त्याच्या पोरीच्या लग्नातली.

मी ती परत ठेवायला निघालो तर बायको म्हणाली, "राहू द्या. त्यांच्या वट्ट्याला आपली वाळू, तर त्यांना त्यांचीच टोपी घालायला काय हरकत हाय?"