फाशी कशी सुनावावी : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक पानठेला, एक वर्तमानपत्र, चार रिकामे दोस्त आणि ‘कानून’ हा कृष्णधवल हिंदी सिनेमा.

१. जागा धरा. अमरावतीत राजकमल चौक, अकोल्यात टिळक रोड. खर्रा घोटून होईस्तोवर मथळा वाचा. पुढची बातमी वाचू नका, त्यात ‘आरोप’, ‘संशयित’ असले अडथळे असतात. मग म्हणा, “कायले पाह्यजे खटला? लटकवा न भाऊ त्याले!”

२. आता सरावासाठी सिनेमा लावा. बी. आर. चोप्रांनी १९६० साली काढलेल्या या सिनेमात एकही गाणं नाही. गाणं लागलं की चहाला उठणाऱ्यांनी चहा आधीच उरकावा.

३. सुरुवातीलाच नट जीवन आरोपीच्या पिंजऱ्यात दिसेल. ज्याच्या खुनासाठी तो वर्षानुवर्षं तुरुंगात सडला, त्याच माणसाच्या खुनाचा आता खटला आहे. गेलेली वर्षं परत द्या, म्हणतो. इथं दोस्तांकडं पाहू नका, त्यांनाही उत्तर येत नाही.

४. सरकारी वकील कैलास (राजेंद्रकुमार) आपल्या होणाऱ्या सासऱ्याला, न्यायाधीश बद्रीप्रसादला (अशोककुमार), सावकाराचा खून करताना पाहतो. तुम्हीही पाहता. आता बेधडक निकाल द्या. शेवटी तो गिळावा लागतो, पण का, ते इथं सांगत नाही.

५. नाना पळशीकरांवर नजर ठेवा. त्यांचा कालिया चोरी करायला शिरला आणि त्याच खुनात अडकला. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. त्याची दया आली, तर तुमचा पाया कच्चा आहे.

६. कार्यपद्धती पाठ करा. अमरावती-अकोल्याच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, तरी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती कायम करावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली बचन सिंग खटल्यात ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणाची अट घातली. फासाची सोय राज्यात नागपूर आणि येरवडा इथंच. पानठेल्याला यातलं काहीच लागू नाही, तिथं रोजच दुर्मिळ प्रकरण येतं आणि अपील चालत नाही.

नेहमीच्या अडचणी

पोरगं विचारतं, “बाबा, माणूस भलताच निघाला तं?” : त्याला दुकानातून काहीतरी आणायला पाठवा.

बातमीत आपल्याच भाच्याचं नाव आलं : चांगला वकील पाहा, जामिनाला अर्ज टाका, तारखेवर तारीख घ्या आणि भेटेल त्याला सांगा की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कोणाला गुन्हेगार म्हणू नये.