मोठी गाडी सांभाळण्याची शास्त्रोक्त पद्धत

पंचवीस लाखांची डिझेल एसयूव्ही दारात उभी राहिली की मालकाचं पहिलं कर्तव्य म्हणजे तिला वापरापासून वाचवणं. सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक मुळीच काढू नये. पाहुणे बसले, घामाने चिकटले आणि उठताना चर्र आवाज झाला, की गाडी नवी असल्याची त्यांची खात्री पटते. यथावकाश प्लास्टिक फाटलं की जाड रेक्झिनची कव्हरं शिवून घ्यावीत. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी चिठ्ठी असते, ती कव्हराखाली मळत नाही. वेळ आली तर एअरबॅगलाही बाहेर यायला वाट सापडत नाही, पण शिलाई शाबूत राहते.

क्रॅशगार्ड बसवायचा मोह होईल. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे. ‘तसं कोणी पकडत नाही’ असं सांगणारा दुकानदार मात्र प्रत्येक चौकात आहे.

दसऱ्याला बोनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं आणि पुढे झेंडूचं तोरण. तोरण भरगच्चच हवं. आजकालच्या महागड्या मॉडेलांत पुढच्या बाजूला रडार आणि काचेमागे कॅमेरा असतो. समोरच्या वाहनाचं अंतर मोजून गाडी वेळप्रसंगी स्वतःच ब्रेक लावते. रडारसमोर अडीच किलो झेंडू आला की डॅशबोर्डवर इशारा उमटू शकतो. अशा वेळी आधी सर्व्हिस सेंटरला फोन करावा, मग मेहुण्याला. तोरण बाजूला करायचं सुचलं तरी सणाच्या दिवशी ते बोलून कोण दाखवणार?

आता मुख्य विषय : डीपीएफ. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी ही गाळणी आली. साठलेली काजळी जाळायला साधारण सहाशे अंश उष्णता लागते आणि त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर बरा वेग धरून पंधरा-वीस मिनिटं सलग धावावं लागतं. आपली गाडी धावते कोथरूड ते मंडई, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एक जुडी कोथिंबिरीसाठी. मग डीपीएफचा दिवा लागतो. घरात गंभीर चेहऱ्याने जाहीर करावं, की गाडीला हवापालट हवा आहे, साताऱ्याला जाणं भाग आहे. पेढे आणणं हा उपचाराचाच भाग आहे. ‘मग पेट्रोल का नाही घेतली?’ या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मॅन्युअलमध्ये नाही. ‘अ‍ॅव्हरेज’ एवढंच पुटपुटून आरसा नीट करावा. जळण्याची क्रिया अर्धवट असताना चहाला थांबून इंजिन बंद करू नये. असं वारंवार झालं तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढते. काही मालक ही बरकत समजतात.

टायरमधल्या हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर छापलेला असतो आणि टायर थंड असताना मोजायचा असतो. तरीही पंपावरच्या पोराला ‘किती भरू?’ म्हणून विचारू द्यावं आणि ‘नेहमीची’ असं सांगावं.

सर्व्हिसिंगला गेल्यावर अ‍ॅडव्हायझर ‘सर’ म्हणत एसीचं निर्जंतुकीकरण, इंजिनची आतली सफाई, रंगाचं कोटिंग अशी यादी पुढे सरकवेल. सही करण्याआधी मॅन्युअलमधलं वेळापत्रक काढून शेजारी ठेवा. यादी बरीच आखूड होते. ब्रेक ऑइल मात्र बदला म्हणाला आणि दोन वर्षं झाली असतील, तर घासाघीस करू नका.

पावसाळ्याचं राहिलं. जाहिरातीत ही गाडी नदी पार करते, आपल्याला सिंहगड रस्ता पुरतो. पाणी किती आहे ते न बघता घातलीत आणि मध्येच बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी तशीच टो करून न्या. इंजिन संरक्षणाचं जादा कव्हर घेतलेलं नसेल, तर हा खर्च विमा कंपनी सहसा देत नाही. पॉलिसी आजच उघडून बघा.