प्रदक्षिणा कुठून घालायची?

जुन्या गोव्यातल्या बॉम जिझस चर्चच्या दाराशी आजीनं सवयीनं चपला काढल्या आणि पिशवीत घालून ती पिशवी बगलेत मारली. आत समोरचा सोनेरी डोलारा तिनं डोळे भरून पाहिला, आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "प्रदक्षिणा कुठून घालायची रे?" मी गप्प. वेदीमागचा तो कोरीव सोनेरी पडदा भिंतीला पाठ लावून उभा. मागून मुंगीलाही वाट नाही. मग ती देव शोधू लागली. १६०५ साली अभिषेक झालेलं हे चर्च बाळ येशूच्या नावाचं, पण नजर भरते ती संत इग्नेशियसच्या मूर्तीनं, त्याच्यावरच्या तळपत्या सूर्यानं. बाळ आपलं खाली, संताच्या पायांशी. बारशाच्या घरात पाहुण्यांच्या गर्दीत पाळणाच दिसू नये, तसं.

घरी आल्यावर मी त्या पडद्याचं इंग्रजी नाव शोधलं. रेरेडॉस! नावात केवढा दरारा, अन् अर्थ नुसता 'पाठीमागची पाठ'. मग मला नादच लागला. पोशाखी शब्दाची बाराबंदी सोडावी आणि आत फाटका सदरा निघावा, असं एकेकाचं होत गेलं. प्रसादाची भाकरी ठेवायची वेदीवरची पेटी, टॅबरनॅकल, म्हणजे तंबू. भाविक बसतात ते नेव्ह म्हणजे जहाज, आपल्या नौकेचं लांबचं भावंड. वेदीभोवतीचा चान्सेल हा मुळात लॅटिनमधली जाळी. कारकून मजकुरावर आडव्या-उभ्या रेघा मारून जाळी काढत, तेच 'कॅन्सल' झालं. आणि विद्यापीठाचे चान्सलर म्हणजे मूळचा कचेरीतल्या जाळीपाशी बसणारा शिपाई. कुलपतींना हे कुणी सांगू नये. युरोपातल्या जुन्या मठांत, तासन्‌तास उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांसाठी दुमडत्या आसनाखाली हळूच टेकायला एक फळी असे. तिचं नाव मिसेरिकॉर्ड, म्हणजे करुणा. गुडघे दुखणाऱ्या माणसानंच ठेवलेलं असणार.

पण मी रेंगाळलो तो पिसिना या शब्दापाशी. अर्थ, माशांचं तळं. वस्तू म्हणजे वेदीजवळच्या भिंतीतलं दगडी कुंड. पूजेची भांडी विसळलेलं पाणी त्यात ओतायचं, ते गटारात न जाता थेट मातीत मुरतं. आमची आजी देवांच्या आंघोळीचं पाणी मोरीत ओतू देत नसे. तांब्या घेऊन अंगणात जायची, तुळशीपाशी वाकायची आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत तशीच थांबायची. पिसिना हा शब्द तिला कधी ठाऊक नव्हता.

त्या दिवशी चर्चमध्ये माझ्या उत्तराची तिनं फार वाट पाहिली नाही. पिशवी बाकावर ठेवली, हात जोडले आणि जागच्या जागी स्वतःभोवती फिरू लागली. तिसऱ्या फेरीला तिचा तोल गेला, तेव्हा शेजारी गुडघ्यांवर बसलेल्या एका झगेवाल्या म्हातारीनं, ओठांवरची प्रार्थना न थांबवता, एका हातानं तिचा दंड धरून ठेवला.