पोटात एक, ओठांत एक

कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची, कमरेला रेकॉर्डरचा पट्टा बांधायचा, झालं. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ही २६ मिलिमीटरची बया सेकंदाला दोन फोटो काढत आठेक तासांत पन्नास हजारांवर फोटो जमवते. एवढे तर पुतण्याच्या लग्नातही निघाले नव्हते, आणि तिथे ड्रोन होता! काकूंची शंका एकच: उपासाला चालेल का? आमची नम्र सूचना अशी, की स्थळ बघताना पत्रिकेसोबत आतड्यांचा अल्बमही मागवावा. पोटात एक, ओठांत एक ही भानगडच मिटेल.

शिवाय काम झालं की कॅप्सूल मानपान न मागता, नैसर्गिक मार्गाने निघून जाते. पुन्हा वापरायची नसते. किंमत ऐकून काकांनी डॉक्टरांना हळूच विचारलं, "धुऊन आणली तर अर्ध्यात घ्याल?"