बटणाचा थाट

मागच्या अॅक्सलचा मूळचा मेकॅनिकल लॉकर कामातून गेला की थारवाल्यांना आधी आठवतो तो ऑस्ट्रेलियन एअर लॉकर; गाडी चिखलात कितीदा उतरते, हा प्रश्न सावकाश. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, म्हणून एक चाक हवेत लटकलं की जमिनीवरचंही हात टेकतं. लॉकर दोघांना जखडतो, इथवर वाद नाही. पण मूळचा लॉकर चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लागतो. एअर लॉकरला कॉम्प्रेसर, हवेची नळी, वायरिंग आणि बटण कधी दाबायचं हे कळणारा चालक लागतो.

‘चाक घसरण्याआधीच लॉक करता येतं ना!’ येतं, आणि खडकाळ चढावर तेच निर्णायक ठरतं. मात्र ज्या गाडीची सर्वांत बिकट चढण म्हणजे सोसायटीचा स्पीडब्रेकर, तिथे लॉक विसरून डांबरी वळण घेतलं की टायर घासणार आणि अॅक्सलवर ताण येणार. शिवाय टायर गुळगुळीत असतील, तर जखडलेली दोन्ही चाकं चिखलात एकदिलाने जागच्या जागी फिरतात. पण नव्या टायरला डॅशबोर्डवर बटण नसतं.