गुळगुळीत बाजू

आमच्या यार्डात फोन वाजला की मी पहिलं एवढंच विचारते, "मोजणी झालीय का?" समोरचा गप्प बसला तर समजायचं, गिऱ्हाईक नक्की आहे, पण भांडण अजून कच्चं आहे. "परवाच झाली, दगड रोवलेत," असं म्हणाला तर टेम्पोवाल्याला सांगून ठेवायचं. आणि "मोजणी कशाला? आमच्यात काय वाद न्हाई," असं कुणी म्हणालं, तर मी निम्मी रक्कम आगाऊ घेते.

आम्ही सिमेंटचा माल करतो. लिंटेल, छज्जे, दारं-खिडक्यांच्या चौकटी, चेंबरची झाकणं, आणि सगळ्यात जास्त खपतं ते रेडिमेड कंपाउंड. दोन बाजूंना खाच असलेले खांब रोवायचे आणि त्या खाचांत वरून एकावर एक प्लेटा सोडायच्या. गाव सांगली जिल्ह्यात, तासगावच्या अंगाला. या भागात दोन पिकं जोमात येतात, द्राक्षं आणि भाऊबंदकी. पहिल्याला अवकाळी पाऊस, डावणी, भुरी, पडलेले भाव असं काय काय आडवं येतं. दुसऱ्याला कुठलंही हवामान मानवतं.

धंदा मुळात सासऱ्यांचा. नवरा शाळेत मराठी शिकवतो. सिमेंट लागलं की त्याच्या हाताला इसब उठतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला सिमेंटपासून लांब राहायला सांगितलं. हा सल्ला त्यानं इतक्या निष्ठेनं पाळला की तो हिशेबाच्या वहीलाही हात लावत नाही. माझ्याकडं सिव्हिलचा डिप्लोमा होता, त्यामुळं लग्नानंतर वर्षभरातच किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला आला. गिऱ्हाईक अजूनही फाटकातून आत आलं की माझ्या डोक्यावरून मागं बघतं.

"साहेब कुठं आहेत?"

"शाळेत."

"बरं, सुटल्यावर येतो."

सासऱ्यांचं दैवत म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९२६ साली वालचंदशेठनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली, हे सासरे अशा थाटात सांगायचे की पहिला पाइप उतरवताना एक टोक जणू यांनीच धरलं होतं. "शेठजींनी पाइप केले, आपण निदान झाकण करू," असं म्हणून त्यांनी चेंबरच्या झाकणांपासून सुरुवात केली. मी एकदा त्यांना सांगितलं की मामा, सिमेंटात लोखंड घालायच्या या विद्येचा एक मूळपुरुष तर माळी होता. जोसेफ मोनिए नावाचा फ्रेंच माळी. त्याच्या कुंड्या फुटायच्या म्हणून त्यानं सिमेंटात लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं. सासरे विचारात पडले. "म्हणजे कुंडीपण आपल्याच लाइनीत येते की!" पुढच्या महिन्यात त्यांनी चाळीस कुंड्या पाडल्या. त्यांतल्या अडतीस अजून यार्डाच्या कोपऱ्यात आहेत. दोन चोरीला गेल्या, आणि त्याचा मामांना शेवटपर्यंत अभिमान होता.

मोनिएला जे उमगलं त्याच्यावरच आमचं पोट आहे. काँक्रीट दाबायला गेलं तर भीमासारखं, ताणायला गेलं तर खारीसारखं. म्हणून जिथं ताण पडणार तिथं सळई. लिंटेलमध्ये ती खालच्या अंगाला, बाहेर लोंबकळणाऱ्या छज्ज्यात वरच्या अंगाला. तयार लिंटेल बाहेरून दोन्हीकडून सारखंच दिसतं, म्हणून आमचे मिस्त्री प्रत्येकावर लाल रंगानं 'वर' असं लिहितात. एका गवंड्यानं त्यातली दोन लिंटेलं उलटी बसवली. मी साइटवर जाऊन विचारलं, "अहो, वर लिहिलंय ते दिसलं नाही का?" तो शांतपणे म्हणाला, "दिसलं की. मी म्हटलं लग्नघर हाय, वधूचं लिंटेल मागनं येत आसंल." त्या घरात खरंच लग्न होतं. त्या दिवसापासून आम्ही नुसता बाण काढतो.

दाबाची परीक्षा मात्र रीतसर असते. सहा इंची ठोकळा पाडायचा, तो २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग मशीनखाली घालायचा. एम-२० चा ठोकळा असेल तर त्यानं साधारण ४५ टन तरी झेलायला हवेत. एका कामासाठी तीन ठोकळे लॅबला द्यायचे होते, आणि टाकीत दोनच सापडले. तिसरा स्वयंपाकघरात होता. सासूबाईंनी तो मटकीच्या पुरचुंडीवर ठेवला होता. "वजन छान आहे गं याचं. पाटा जड होतो, वरवंटा घरंगळतो." आठ किलोचा, ४५ टनांसाठी कंबर कसून बसलेला तो ठोकळा पाव किलो मटकीवर निमूट बसला होता. मोड मात्र बोटभर आले होते. लॅबवाल्यानं विचारलं, "क्युअरिंगमध्ये खंड पडला नाही ना?" मी म्हटलं, "नाही हो, मटकी ओलीच होती."

पैशांचं काय सांगायचं! सगळी उधारी बेदाण्यावर चालते. "सौदा झाला की देतो" आणि "उसाचं बिल आलं की देतो" या दोन वाक्यांवर आमच्या खात्याची अख्खी डावी बाजू उभी आहे. सरकारनं २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, तर २३ तारखेला सकाळी नऊला एक जण फाटकाशी हजर. म्हणाला, "दहा टक्के कमी करा." मी त्याला समजावलं की बाबा, कमी झालाय तो सिमेंटवरचा. खडी, क्रश सँड, सळई, मजुरी, डिझेल आहे तिथंच आहे, आणि आमच्या मालावर आधीही १८ च होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग पाच करा." त्याची मागची बाकी अजून यायची होती.

पण मला सांगायचं आहे ते प्लेटेबद्दल. आमची प्लेट सात फूट लांब, एक फूट उंच, दोन इंच जाड, वजन ऐंशी किलोच्या आसपास. ती नेहमी उभी धरायची, उभीच रचायची, टेम्पोतही उभीच न्यायची. आडवी धरली की स्वतःच्याच वजनानं मधोमध तडकते. दोन खांबांमधला गाळा सात फुटांचा, आणि गुंठ्याची बाजू ३३ फुटांची. म्हणजे चार गाळे झाले की पाच फूट उरतात. वाटण्या गुंठ्यांत होतात, त्यामुळं हे उरलेले पाच फूट दर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं निघतात. त्यासाठी आम्ही आखूड प्लेट पाडतो. बिलावर तिचं नाव 'प्लेट, पाच फुटी'. यार्डात सगळे तिला 'भावाचा तुकडा' म्हणतात.

या प्लेटेला दोन तोंडं असतात. साच्याला चिकटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत निघते. वरची बाजू थापीनं सारखी केलेली असते, ती खरखरीत राहते. कितीही मन लावून थापी फिरवली तरी दोन्ही सारख्या होत नाहीत. रस्त्याकडेचं कंपाउंड असलं की भानगड नसते, गुळगुळीत बाजू रस्त्याकडं. पण दोन घरांच्या मधलं असलं की गुळगुळीत बाजू कुणाकडं, यावर मी डोकी फुटायची वेळ आलेली बघितली आहे.

दोन वर्षांमागं एक थोरले आले. मोजणी झाली होती, दगड रोवले होते. हद्दीवर नेमकं वडिलांनी लावलेलं शेवग्याचं झाड आलं होतं. ते तोडायला दोघंही भाऊ तयार नव्हते, कारण दुसऱ्याला ते हवं असणार. थोरले म्हणाले, "झाड ऱ्हाऊ दे. मी माझ्या हद्दीत एक फूट आत घेतो. पर गुळगुळीत बाजू माझ्याकडं. पैसं मी दिल्यात." पाच प्लेटांची, पाच फूट उंच भिंत उभी राहिली. धाकटे त्या दिवशी अंगणात बाजेवर बसून चहा पीत सगळं बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. आमचे मिस्त्री परत येताना म्हणाले, "मॅडम, ह्ये बी गिऱ्हाईक हाय बघा."

आठ महिन्यांनी, बेदाण्याचा सौदा झाल्यावर, धाकटे आले.

"मलाबी कंपाउंड पायजे."

"कुठं?"

"तितंच."

"तिथं आहे की हो."

"ते त्याचं हाय. मला बसल्या जागंवरनं खरबरीत दिसतंय. माझं येगळं घाला, गुळगुळीत बाजू माझ्याकडं."

मी त्यांना गिलावा करून घ्या म्हटलं. निम्म्याहून कमी खर्चात झालं असतं. ते म्हणाले, "त्याच्या भिताडाला मी गिलावा करू?" या प्रश्नाला डिप्लोम्यात उत्तर नव्हतं. मीही एक फूट आत घेऊन दुसरी भिंत उभी केली. आता दोन्ही घरांना गुळगुळीत बाजू आहे. खरखरीत बाजू दोन फुटांच्या बोळात एकमेकींकडं तोंड करून उभ्या आहेत. त्या बोळात शेवगा आहे, तीन चेंडू आहेत, एक चप्पल आहे आणि एका मांजरीची दोन बाळंतपणं झाली आहेत. धंद्याच्या दृष्टीनं सांगायचं तर एका बांधावर दोन कंपाउंडं विकली गेली. मामा असते तर पेढे वाटले असते.

गेल्या दिवाळीच्या आधी दुपारी एक फोन आला. धाकट्यांची मंडळी.

"ताई, मालकास्नी न सांगता एक काम करशिला का? मागच्या अंगाला वरची एक प्लेट काढाय येती का? शेंगा काढाय हात पोचत न्हाई. मागनं तिसरा गाळा. आन् पलीकडं कळू देऊ नगासा."

मी बघते म्हटलं. रेटकार्डावर प्लेट बसवायचा दर आहे, काढायचा नाही. दोन दिवसांनी थोरल्यांच्या मंडळींचा फोन. त्यांच्या मोरीत वारं येत नव्हतं.

"वरची एकच काढा, ताई. पलीकडं कळाय नगं."

"कुठली?"

"मागनं तिसरा गाळा."

दहा गाळ्यांची भिंत. दोघींनी एकमेकींना न कळू देता मागून मोजून तिसराच काढला होता. माझं गणित बरं आहे, मी पुढं काही विचारलं नाही.

दोघं भाऊ तासगावला मार्केटात गेले तो दिवस धरला. मिस्त्री आणि दोन पोरं घेऊन मीच गेले. वरची प्लेट खाचेत नुसती सोडलेली असते, उचलली की निघते. पहिली थोरल्यांची काढली, मग धाकट्यांची. दुसरी प्लेट अजून पोरांच्या हातात होती, तेवढ्यात इकडून स्टीलचा एक डबा वर आला आणि तिकडून एक हात. डबा देणारी काही बोलली नाही, घेणारीनं वर बघितलंसुद्धा नाही. माझे मिस्त्री वीस वर्षं प्लेटा खाचेत सोडताहेत, त्यांचाही हात इतका अचूक नाही. तो हात आवळलेल्या झाकणासकट डबा घेऊन गेला आणि दुसरा, रिकामा डबा ठेवून परत गेला. मला दोन्ही घरांतून चहा झाला. दोन्हीकडं सांगितलं गेलं की दुसरीकडं पिऊ नका.

आठवड्याभरात थोरल्यांचा फोन.

"मॅडम, आमची एक प्लेट कुठं गेली?"

"तडा दिसला म्हणून काढून आणलीय."

"मंग दुसरी कवा बसिवताय?"

"पाडलीय. क्युअरिंगला आहे."

"किती दिवस?"

"२८ दिवस लागतात."

"बरं बरं. घाई न्हाई," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी धाकट्यांनी हेच विचारलं आणि त्यांनाही घाई नव्हती.

दोन्ही प्लेटा यार्डात आहेत, अडतीस कुंड्यांच्या शेजारी, उभ्या. सकाळी बाकीच्या मालावर पाइप फिरवताना मिस्त्री त्यांच्यावरही पाणी मारतात.