अस्सल नक्कल

हौशी : इको? मारुती इको?

मिस्त्री : हो. शाळेची पोरं नेतात ती.

हौशी : अहो मिस्त्री, मी १९५७ सालची लोटस सेव्हन बनवतोय. कॉलिन चॅपमनची! लोक जीव टाकतात त्या गाडीसाठी.

मिस्त्री : व्हॅन सुटली की पोरंही जीव टाकूनच पळतात तिच्यामागं.

हौशी : चेष्टा पुरे. बॉडी झाली, चासी झाली...

मिस्त्री : बॉडी फायबरची, चासी चौकोनी पाइपाची. वेल्डिंग मीच केलंय, मला काय सांगता?

हौशी : म्हणूनच म्हणतो, निदान इंजिन तरी अस्सल हवं.

मिस्त्री : नकलेत?

हौशी : अलिबागच्या चिंकारा कंपनीनं अशीच रोडस्टर काढली होती. तिच्यात इसुझूचं १.८ लिटर होतं. मला तेच पाहिजे.

मिस्त्री : म्हणजे काँटेसाचं. इंजिन चांगलंच होतं, पण काँटेसा बंद होऊन वीस वर्षं उलटली. अंबड लिंक रोडला भंगार बाजार होता तेव्हा बोलला असता तर हुडकलं असतं. तो पालिकेनं उठवला. आता कुर्ल्याला जा. नशीब असेल तर इंजिन मिळेल, मग एकेका गॅस्केटसाठी एकेक सिंहस्थ थांबा.

हौशी : बरं, मग लोगनचं? फ्रेंच इंजिन. रेनॉ! आणि गाडी आपल्या नाशकातच बनायची.

मिस्त्री : बनायची. पण ते इंजिन आडवं बसतं नि पुढची चाकं ओढतं. तुमच्या सेव्हनला मागची चाकं फिरवायचीत. ते उभं बसवायचं तर गिअरबॉक्स दुसरा शोधा, बेलहाउसिंग बनवून घ्या, शाफ्ट कापून जोडा. तेवढ्या खर्चात एक अख्खी लोगन येईल, एसीसकट.

हौशी : हायाबुसा! परदेशात सेव्हनला मोटरसायकलचं इंजिन घालतात. १३४० सीसी. काय आवाज असतो!

मिस्त्री : रिव्हर्स कुठंय त्याला? सराफ बाजारात समोरून हातगाडी आली की उतरून ढकलत मागं नेणार? तिकडं सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या एका गड्यानं दुचाकीच्या इंजिनावर चारचाकी केली होती. किक मारून चालू व्हायची. आनंद महिंद्रांनी ती ठेवून घेतली नि त्याला नवी बोलेरो दिली. तुमची बघून कोण बोलेरो देणार आहे?

हौशी : मला बोलेरो नकोच आहे!

मिस्त्री : म्हणून तर इको सांगतोय. इंजिन उभं, चाकं फिरतात मागची, गिअरबॉक्स पाठीलाच लागलेला, पार्ट कुठल्याही चौकात. जुन्या इकोचं ११९६ सीसी.

हौशी : शाळेच्या व्हॅनचं इंजिन! लोटसमध्ये!

मिस्त्री : मग लोटसमध्ये कुठलं होतं?

हौशी : फोर्डचं. खास.

मिस्त्री : खास कसलं! तुम्हीच दिलेलं पुस्तक. तुम्ही फोटो पाहिलेत, मी मागचा तक्ता वाचला. ११७२ सीसी, साइड व्हॉल्व्ह, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. फोर्डच्या साध्या घरगुती गाडीतलं. आणि तेच इंजिन फोर्डवाले आणखी कशात घालायचे, ठाऊक आहे?

हौशी : कशात?

मिस्त्री : व्हॅनमध्ये! थेम्स व्हॅन. तिकडचे पाववाले फिरवत असतील. तुमच्या चॅपमनला जवळपास मिळणारं, स्वस्त, कुणालाही खोलता येईल असं इंजिन हवं होतं. तो नाशकात असता ना, तर मुंबई नाक्यावर एखाद्या व्हॅनवाल्याशी घासाघीस करत बसला असता.

हौशी : त्याची गाडी हलकी होती, म्हणून पळायची. जेमतेम पाचशे किलो.

मिस्त्री : मग वजनाकडं बघा. तुम्ही स्पीकर म्हणता, लेदरची सीट म्हणता, परवा एसी म्हणाला. छत नसलेल्या गाडीला एसी!

हौशी : मे महिन्यात गंगापूर रोडला ऊन काय असतं...

मिस्त्री : पार धरणापर्यंतची हवा गार करायला बघताय.

हौशी : ते सोडा. उद्या सुला वायनरीच्या पार्किंगमध्ये चार माणसं जमली, कुणी बॉनेट उघडायला लावलं, विचारलं इंजिन कुठलं, तर काय सांगू?

मिस्त्री : सांगा ७३ घोडे. मूळच्यापेक्षा तीस जास्तच.

हौशी : आणि एखादं पोर ‘काका, थांबा’ म्हणत दप्तर घेऊन आलं तर?

मिस्त्री : एकालाच घ्या. सीट दोनच आहेत. पण आधी सुलापर्यंत पोचणार कसे? नंबर कुठंय?

हौशी : आरटीओचं तुम्ही बघाल ना? ओळख आहे म्हणालात.

मिस्त्री : मी? कधी? घरी जुळवलेल्या गाडीला ओळख चालत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. दुसऱ्या गाडीच्या आरसीवर खपवायची म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय, कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळत नाही असा बदल करायचा नाही.

हौशी : हे आत्ता सांगताय? पैसे घेतल्यावर?

मिस्त्री : पैसे वेल्डिंगचे घेतले. आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही हिरव्या रंगाच्या छटा दाखवत होता.

हौशी : तुम्हाला हौस म्हणजे काय तेच कळत नाही. जन्मभर व्हॅनच दुरुस्त केल्यात!

मिस्त्री : केल्या. त्या रोज सकाळी सातला चालू होतात. तुमची बुलेट केव्हाची पडलीय त्या कोपऱ्यात. पोऱ्या तिच्यावर डबा ठेवतो.

हौशी : बुलेटचा विषय काढायचा नाही.

मिस्त्री : नाही काढत. जागेचं भाडंही नाही मागितलं अजून.

हौशी : मागा ना, मागा! किती झालं ते एकदाच सांगा.

मिस्त्री : सांगेन. चहा येऊ द्या.

हौशी : ...खाजगी जागेत तर चालवता येईल? दिंडोरीला मेव्हण्याचा द्राक्षाचा मळा आहे.

मिस्त्री : चालवा की. दोन ओळींमधलं अंतर मोजलंय का?

हौशी : मोजतो. ...इकोचा आवाज कसा येतो हो?

मिस्त्री : ऐकवतो. तुम्ही बसलाय त्याच सीटखाली इंजिन आहे. उतरा आधी, व्हॅनवाला आलाय. साडेबाराला शाळा सुटते.